दुकान वाढवायचं म्हणतोय

आमच्या दुकानात काच कधी फुटत नाही. वाढते.

हा सासऱ्यांपासूनचा नियम. हातातून तावदान निसटून फरशीभर चुरा झाला तरी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. संध्याकाळी शटर ओढताना 'बंद करूया' म्हणायचं नाही, 'वाढवूया' म्हणायचं. वाईट शब्द जिभेवर नको म्हणून जुनी माणसं असं बोलतातच, पण आमच्या ह्यांनी ते काचेपेक्षाही जास्त जपलं. लग्नानंतर नवी नवी असताना मी एकदा ओरडले, "अहो, फुटली!" तर हा माणूस काच सोडून माझ्याकडेच बघत राहिला. "वाढली म्हण," म्हणाले. मी म्हटलं, "चुरा झालाय हो तिचा, वाढली कुठे?" तर म्हणे, "एकीच्या शंभर झाल्या की. मोजून बघ."

असा नवरा. मी रागावले की हा विनोद करणार, आणि मी तर उठल्यापासून रागावलेली. हे काच कापतात, मी फ्रेमा ठोकते. बाजारात ह्यांना काचवाले म्हणतात, मला तोंडावर फ्रेमवाल्या बाई आणि पाठीमागे फटाकडी. मला माहीत आहे. मागच्या बाजूला कान नसले म्हणून काय झालं?

तर ह्यांच्या आतड्यात कॅन्सर निघाला तेव्हा तो शब्द आमच्या घरात आलाच नाही. 'गाठ' म्हणायचं. औषधं देण्याच्या दिवसाला 'गाठीभेटीचा दिवस' म्हणायचं. ऑपरेशन करून आतड्यातली मोठी गाठ काढली, पण यकृतात बारक्या राहिल्या होत्या, म्हणून मग शिरेतून औषध सुरू झालं. दर थोड्या दिवसांनी हॉस्पिटलातल्या खुर्चीत बसायचं, वर बाटली टांगलेली, थेंब थेंब थेंब. ह्यांना बसणं जमतं. मला नाही जमत. मी जिन्यावरून खाली, पुन्हा वर, पाणी आण, बिल विचार, खिडकीचं तावदान ढिलं दिसलं म्हणून तेही दाबून बघ. तिथली सिस्टर एकदा म्हणाली, "काकू, तुम्हालाच एक सलाईन लावू का?"

मध्यंतरी तपासणी झाली. डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, "गाठी वाढलेल्या नाहीत. ही चांगली बातमी आहे."

हे म्हणाले, "अरेरे."

डॉक्टर चमकले. "अहो, वाढल्या नाहीत म्हणतोय मी."

"तेच तर. आमच्यात वाढली म्हणजे फुटून संपली. वाढू द्या की एकदाच्या!"

डॉक्टरांना काही हसू आलं नाही. मला आलं, आणि हसता हसता रडूही आलं, म्हणून मी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला.

पण त्या औषधाची एक खोड निघाली. गार वस्तूला हात लागला की बोटांत वीज शिरल्यासारख्या झिणझिण्या. थंड पाणी नको, लोखंडी कडी नको, आणि काच तर नकोच नको. काचेइतकं गार दुसरं काय असतं? ज्या हातांनी जन्मभर काच कापली त्याच हातांत आता लोकरीचे मोजे. हे दुकानात येऊन नुसते स्टुलावर बसायला लागले. कापायचं कोण? मी.

"हिरा असा धर," हे सांगायचे. हिरा म्हणजे काच कापायची दांडी, तिच्या टोकाला कणभर हिरा असतो. "उभा नको, जरा कलता. आणि रेघ एकदाच. काचेवर दुसऱ्यांदा रेघ मारायची नाही, ती ऐकत नाही मग."

"माझ्यासारखीच आहे," मी म्हणायचे.

सुरुवातीला माझ्या हातून इतक्या काचा वाढल्या की फटाकडीने आता भंगाराचं दुकान काढावं असं बाजारात बोलणं झालं. हळूहळू जमायला लागलं. रेघ बरोबर बसली की हिऱ्याचा आवाज मध्ये तुटत नाही, एकसारखा येतो. तो आला की हे डोळे मिटून मान हलवायचे. मला वाटायचं, चला, बिचाऱ्याचा वेळ जातोय.

वेळ जात होता आणि पैसाही जात होता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. दागिने गेले, साठवलेलं गेलं, आणि एक दिवस शेजारचा औषधवाला माझ्याशी फारच गोड बोलायला लागला. त्याला मधली भिंत पाडून आपलं दुकान मोठं करायचं होतं. आमचा गाळा विकत मागत होता. गंमत बघा, आमची औषधं त्याच्याकडूनच घ्यायची, आणि त्यासाठी दुकानही त्यालाच द्यायचं. मी आठवडाभर त्याच्याशी तोंड वाकडं करून वागले, आणि मग एका दुपारी, हे घरी झोपलेले असताना, त्याला होकार देऊन बसले. ह्यांना सांगितलं नव्हतं. सही ह्यांची लागणार होती, ती गोड बोलून घेऊ म्हटलं. गोड बोलणं मला येत नाही हा प्रश्न नंतरचा.

तो व्यवहार पुरा व्हायला अवकाश होता. तोवरच्या औषधाची जबाबदारी भाऊजींनी, ह्यांच्या धाकट्या भावाने, घेतली होती. हा माझा एकुलता एक दीर. सासू-सासरे गेले तेव्हा शाळेत होता. आम्हाला मूल झालं नाही, त्यालाच आम्ही वाढवलं. शिकला, मोठ्या कंपनीत लागला, चांगली बायको केली. "वहिनी, पुढचं सगळं माझ्याकडे," असं छातीवर हात ठेवून सांगून गेला होता. आणि आता उद्यावर औषधाचा दिवस आला, आज पैसे भरायचे, आणि ह्याचा पत्ता नाही. फोन केला तर उचलेना. शेवटी दोन शब्द लिहून पाठवले, 'नंतर बोलू.'

नंतर? माझं टाळकंच सरकलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, पण हा वासा तर मी माझ्या हाताने उभा केलेला!

सकाळी दुकान उघडून ह्यांना स्टुलावर बसवलं आणि पिशवी उचलली.

"फ्रेमच्या पट्ट्या आणायला जाते जरा," मी म्हटलं.

"हिरा घेऊन जा पिशवीत," हे म्हणाले.

"पट्ट्या आणायला हिरा कशाला?"

"तुझ्याजवळ असू दे. तुझाच आहे आता तो."

"माझा कशाला? चांगले झालात की धरा परत तुमचा तुम्ही," असं म्हणून मी तो गल्ल्यावर आपटला आणि निघाले. एक शब्द धड ऐकला असता त्यांचा तर! पण मला घाई होती. मला नेहमीच घाई असते.

भाऊजींचं ऑफिस म्हणजे सगळं काचेचंच. खाली काच, वर काच, मधल्या भिंतीही काचेच्या. त्यांच्या केबिनच्या दाराची काच एका कोपऱ्यात सुटलेली होती, रबराची पट्टी निघाली होती. दार लोटताना ती खडखडली. एरवी मी पहिल्यांदा ते सांगितलं असतं.

"वहिनी, बसा," भाऊजी म्हणाले. उठले नाहीत. एरवी उठतात.

"बसायला नाही आले."

"मग काय भांडायला आलात?"

"ते तुमच्यावर आहे. पैसे देणार नसाल तर तसं सांगा. 'नंतर बोलू' काय? नंतर कधी बोलणार, तेराव्याला?"

शब्द तोंडातून सुटला आणि मलाच चटका बसला. पण भाऊजी वरमले नाहीत. उलट त्यांचाच आवाज चढला.

"मला एक सांगा वहिनी. घरात एवढं आजारपण, आणि कुणी दुकान वाढवतं का?"

"काय?"

"आता माहीत नाही असं दाखवू नका. दादाचाच फोन आला होता. म्हणाला, तू पैसे पाठवू नकोस, मी आता दुकान वाढवायचं म्हणतोय. औषधवाल्याशी बोलणंही झालंय म्हणाला. म्हणजे त्याचा गाळा घेताय ना तुम्ही? मी इकडे कर्ज काढायला निघालो होतो. बायकोशी भांडलो त्यावरून! ती म्हणाली, बघा, तुमच्या भावाचं दुकान मोठं होतंय आणि आपण कर्जात. मी काय बोलणार तिला? सांगा ना, काय बोलणार?"

 आणि मग मला हसू फुटलं. असं काही फुटलं की बाहेरच्या टेबलांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. मी धप्पकन खुर्चीत बसले.

"हसताय काय?" भाऊजी लाल झाले.

"अहो भाऊजी, रोज संध्याकाळी शटर ओढताना तुमचा दादा काय म्हणतो?"

"काय म्हणतो… चल, वाढवूया."

"आणि मग शटर वर जातं का खाली येतं?"

 भाऊजींच्या चेहऱ्यावरचा राग आधी गेला, मग रंग गेला.

"म्हणजे… बंद करतोय?"

"माझ्या हातचं खाऊन मोठे झालात, आणि मराठी कुठे सांडून आलात? इथे पार ध चा मा करून ठेवलात!"

"वहिनी, इथे दिवसभर कुणी बोलत नाही हो तसं," असं म्हणत भाऊजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला एकदम त्यांचं शाळेतलं ध्यान आठवलं. नापास झाले की असेच बसायचे.

खरं सांगू? माझ्या तर डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. म्हणजे ह्यांना कळलंय, औषधवाल्याने सांगितलेलं दिसतंय, आणि ह्यांना पटलंयही. दुकान विकून पैसे येणार म्हणून भावाला नको म्हणाले. मी उगीच इतके दिवस घाबरत होते. चला, सहीचं काम सोपं झालं.

"असू दे आता," मी म्हटलं. "आणखी काय म्हणाले?"

"मी फोन केल्याचं वहिनीला एवढ्यात सांगू नकोस म्हणाला. आणि हो, तिला हाताखाली कुणीतरी चांगला माणूस बघून दे. कापायला आता येतंय तिला, पण मोठ्या काचा एकटीला उचलत नाहीत."

मी उठायला म्हणून पिशवी घेतली होती ती हातातच राहिली.

दुकान विकायचं तर हाताखाली माणूस कशाला? काचा कुणाच्या उचलायच्या, औषधवाल्याच्या बाटल्यांवर ठेवायला? दुकान चालू राहणार. मी चालवणार. एकटी. मग वाढवायचं कुठलं दुकान?

 हिरा घेऊन जा. तुझाच आहे आता तो. रेघ एकदाच मारायची. इतके दिवस त्या स्टुलावर बसून ह्या माणसाचा वेळ जात नव्हता, तो मला तयार करत होता.

"वहिनी? काय झालं?"

मी हॉस्पिटलात फोन लावला. सिस्टरने आवाज ओळखला. "काकू, अहो उद्याची त्यांची खुर्ची तर आम्ही दुसऱ्या पेशंटला दिली. काकांनीच कळवलं ना परवा? म्हणाले, आता यायचं नाही ठरलंय. मला वाटलं तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताय."

मी फोन ठेवला आणि भाऊजींना एवढंच सांगितलं, "तुमचा दादा दुकान नाही बंद करत. स्वतःला बंद करतोय." आणि चालायला लागले. भाऊजी मागून धावत आले, कोट खुर्चीवरच राहिला. त्यांनी गाडी काढली. रस्ताभर मी पुढच्या गाडीवाल्यांना शिव्या घातल्या. लाल दिवा लागला की दार उघडून चालत सुटावं असं वाटायचं. एकदा उघडलंसुद्धा, भाऊजींनी हात धरून आत ओढलं. कसलं कसलं मनात येत होतं. आधी त्यांना मिठी मारू का आधी दोन थोबाडीत देऊ, हेच ठरत नव्हतं.

दुकानात शिरले तर हे स्टुलावर नव्हते. मागच्या घोडीपाशी, म्हणजे काचा ठेवायच्या मांडणीपाशी उभे होते, वरच्या कप्प्यातल्या काचा उतरवून खालच्या कप्प्यात लावत होते. मोजे काढून ठेवलेले. उघड्या हातांनी. मोज्यांतून काच निसटते ना, म्हणून. एकेक काच धरताना चेहरा असा आवळत होते की बघवेना. काच ठेवली की हात काखेत दाबायचे, जरा थांबायचे, की पुढची.

वरच्या कप्प्याला माझा हात पुरत नाही. म्हणून.

"कुठलं दुकान वाढवताय?" मी दारातूनच ओरडले.

हे वळले. माझ्या मागे भाऊजींना बघून सगळं समजले. "तुला सांगितलं होतं ना रे, बोलू नकोस म्हणून."

"तो काय बोलणार? त्याला कळलंच नाही! त्याला वाटलं तुम्ही शेजारचा गाळा घेताय!"

"गाळा?" हे भाऊजींकडे बघत राहिले. आणि हसायला लागले. "अरे गाढवा! मी इथे निघालोय आणि तू…" पुढे त्यांना हसूच आवरेना. भाऊजीही रडता रडता हसले. मीसुद्धा हसले असते, नेहमीसारखी. ह्यांनी विनोद करायचा, मी चिमटा काढायचा, की विषय मिटला. असंच तर चाललं होतं सगळं.

मी गल्ल्यावरची एक काच उचलली आणि फरशीवर आपटली.

 शेजारून औषधवाल्याने डोकं काढलं. माझ्याकडे बघून परत आत घेतलं.

"काय झालं?" मी ह्यांना विचारलं.

"अगं, लागेल पायाला…"

"काय झालं काचेचं? सांगा."

"वाढ…"

"फुटली!" मी म्हणाले. "फुटली. म्हणा."

"उगाच कशाला…"

"म्हणा म्हणते ना!"

ह्यांनी त्या चुऱ्याकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "फुटली."

"आता पुढचं. तुम्हाला काय झालंय?"

"गाठ…"

"नाव घ्या तिचं."

"कॅन्सर," हे म्हणाले. आमच्या दुकानात पहिल्यांदा. काही कोसळलं नाही. समोरून एक रिकामी हातगाडी खडखडत गेली तेवढीच.

"आणि दुकान वाढवायचं म्हणजे काय करायचं होतं?"

हे स्टुलावर बसले. हात मांडीखाली घेतले, ऊब यावी म्हणून. "औषध थांबवायचं," म्हणाले, "आणि मरायचं."

भाऊजींनी तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं. मला बघायचं होतं.

"त्या औषधवाल्याने माझं अभिनंदन केलं गं," हे सांगायला लागले. "म्हणे बाईंनी शहाणपणाचा निर्णय घेतला. मी घरी जाऊन विचार करत बसलो. तू हे दुकान माझ्या शिरेत थेंब थेंब ओतणार. आणि मग मी उरेन याची कुणी खात्री देतंय का? डॉक्टर तर देत नाही. म्हणजे दुकानही जाणार आणि मीही जाणार. मग तू काय खाणार? कुणाच्या दारात उभी राहणार, ह्या तोंडाने? म्हटलं, दोनांतलं एक तरी राहू दे. औषधवाल्यालाही सांगून टाकलं, आता औषध लागणार नाही म्हणून. तुला कापता यायला लागलंय. तो आवाज मी ऐकलाय तुझ्या हाताचा. चांगला येतो."

"आणि हे मला विचारायचं नाही?"

"तू मला विचारलंस, दुकान विकताना?"

  आम्ही दोघांनीही एकमेकांसाठी दुकान वाढवायला काढलं होतं, एकमेकांना न सांगता.

"मला भीती वाटते," हे म्हणाले. कुठलाही विनोद न करता. "त्या खुर्चीत बसलो की वाटते. तू जिन्यावर गेलीस की जास्त वाटते."

तेव्हा मी त्यांच्या पुढ्यात खाली बसले, काचा होत्या तरी. त्यांचे हात मांडीखालून काढून माझ्या हातांत घेतले. गार पडले होते.

"मला काय वाटत नाही?" मी म्हटलं. "मी जिन्यावर कशाला जाते? तुमच्यासमोर रडू नये म्हणून जाते. दिवसभर ओरडते ती काय हौस आहे म्हणून? भीतीच आहे हो ती सगळी. तुम्ही गेलात तर हे दुकान घेऊन मी काय करू? काच कापली की मान कोण हलवणार?"

ह्यांनी माझ्या हातांत हात तसेच राहू दिले.

भाऊजी पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन काचा गोळा करत होते. ऑफिसचे बूट, कडक इस्त्रीची पँट, आणि गुडघ्यावर बसून. एक बारीक कणही सुटू देत नव्हते. दादानेच शिकवलं होतं लहानपणी, काचेचा कण ओल्या फडक्याने टिपायचा म्हणून. ते विसरले नव्हते.

"दादा, पैसे मी आणतोय," ते मान वर न करता म्हणाले. "आणि दुकान विकायचं नाही. बायकोला मी सांगतो काय ते. तिलाही कळत नाही ना मराठी, आमची दोघांची एकच शाळा!"

"सगळे पैसे नाही जमायचे तुझ्याने," हे म्हणाले.

"जमतील तेवढे. उरलेलं बघू."

"बघू" म्हणजे काय ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं. पण निदान तिघांना माहीत होतं.

मी सिस्टरला परत फोन लावला. ती म्हणाली, उद्याची खुर्ची तर गेली, पण सकाळी लवकर येऊन बसा, कुणी आलं नाही तर तुम्हाला देते, नाहीतर परवा नक्की. मी म्हटलं बसतो. ती म्हणाली, "काकू, तुम्ही बसणार?" आगाऊ कुठली. मग शेजारी जाऊन औषधवाल्यालाही सांगून आले, की भिंत आहे तिथेच राहील. त्याने तोंड वाकडं केलं. पण औषध उधार देतो म्हणाला, तेवढ्यापुरता माणूस बरा.

काळोख पडायच्या आत आम्ही निघायचं ठरवलं. ह्यांनी मोजे घातले, सवयीने शटरच्या आकड्याकडे हात नेला आणि सवयीनेच म्हणाले, "चल, वाढवू…"

आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

"बंद करूया म्हणा," मी म्हटलं. "बंद केलेलं उद्या उघडता येतं."

"बंद करूया," हे म्हणाले. भाऊजींनी शटर ओढलं. एवढ्या जोरात ओढलं की सगळ्या काचा आतून किणकिणल्या. एकही फुटली नाही.

घरी आल्यावर मी पानं घेतली. भाऊजी आपल्या जुन्या जागी, भिंतीला टेकून बसले. ते औषध सुरू झाल्यापासून ह्यांच्या तोंडाला लोखंडाची चव येते, काही गोड लागत नाही. गेले कित्येक दिवस ताट पुढे केलं की बोटाने सरकवून द्यायचे. मी चिडायचे, ते विनोद करायचे, ताट तसंच परत जायचं. आजही ते रिकाम्या ताटाकडे नुसते बघत बसले. मी भाऊजींना वाढलं. ह्यांच्यापाशी आले आणि हात आखडला. आज बळजबरी नको म्हटलं. सकाळी लवकर निघायचंय, भांडायला ताकद राहिली नव्हती. ताट उचलायला म्हणून मी वाकले, तर ह्यांनी ते हाताने धरून ठेवलं.

"वाढ," म्हणाले.

मला आधी शटरच आठवलं. "काय?"

"जेवायला वाढ गं."

"भूक लागली?"

"नाही," हे म्हणाले. "अजिबात नाही. पण वाढ."

मी वाढलं.